पाहुणी उठेना

माझी आई दुपारचं जेवत नव्हती, आणि हे मला माहीत होतं. एवढी एक गोष्ट मी कोणालाच नीट सांगितलेली नाही. बायकोला अर्धीमुर्धी सांगितली, बहिणीला त्याहून कमी. डॉक्टरांनी सरळ विचारलं तेव्हा मी त्यांच्या पंख्याकडे बघत बसलो.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचे. आई मात्र लग्न होऊन नागपूरकडून आली, तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. वडील सरकारी नोकरीत, घरी माणसांचा राबता. कोणी बंगाली, कोणी पंजाबी, बरेचसे इथलेच. त्यांच्यापुढे पोहे ठेवता ठेवता ती हिंदी शिकली, म्हणून तिची हिंदी ही बैठकीतली हिंदी. 'आइए', 'बैठिए', 'थोड़ा और लीजिए', 'बिना खाए कैसे जाएँगी'. आमच्याशी, देवाशी, दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याबद्दल पाठीमागे, सगळं मराठीत. आत मराठी, बैठकीत हिंदी. पुढे तिच्या डोक्यातून खूप काही पुसलं गेलं. वडील गेल्याचं, माझं नाव, न्हाणीघराचा रस्ता. ही वाटणी मात्र शाबूत राहिली.

तिला सांभाळायला मी मुदतीआधी नोकरी सोडली. विजेच्या कचेरीत होतो. बायको मझौलीच्या शाळेत शिकवते. सकाळी बसने जाते, दिवेलागणीला येते. तिची नोकरी बरीच बाकी होती, माझी थोडी, म्हणून मी. लोक म्हणायचे, "आजकल कौन करता है भैया." मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

वर्षभरात मी घरातला पहारेकरी झालो. आईला एकच ध्यास, घरी जायचं.

"हेच घर आहे, आई."

"तुम्ही कोण? अच्छा, ते जाऊ द्या. मला एक रिक्शा करून द्या."

एकदा ती सदर बाजारापर्यंत पोचली. अनवाणी. चपलांच्या दुकानात ऐटीत बसून दुकानदाराला सांगत होती की आमचे हे येऊन राहिले, तेच पैसे देतील. दुकानदाराने बिचाऱ्याने चार जोड काढून दाखवले होते. तेव्हापासून फाटकाला कुलूप. ती आतून फाटक हलवायची, मी पायरीवर बसून ते बघायचो. कुलपाच्या दोन्ही बाजूंना कोंडलेली माणसं असतात म्हणतात. आमच्याकडे दोन्ही एकाच बाजूला होती.

धाकटी बहीण बंगळूरला असते. तिने ते यंत्र पाठवलं. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून असे यंत्रमानव आता काही ठिकाणी वापरतात, त्यांचं मन रमतं, चिडचिड कमी होते, असं तिने खूप वाचलं होतं. पाण्याच्या माठाएवढं, पांढरं, गुळगुळीत. वर गोल डोकं, त्यात काळी काच, काचेत दोन निळे डोळे उघडायचे, मिटायचे. बोलणाऱ्याकडे मान वळवायचं. आवाज बाईचा, मऊ, हिंदीत. मराठीची सोय नव्हती.

बहिणीने मला फोनवरून सगळं शिकवलं. "दादा, हे बघ, ह्या रोबोटबाईच्या डोळ्यांतून तुला मोबाइलवर घर दिसेल, ऐकू पण येईल. आणि तू इथे काही लिहिलंस ना, की ती ते बोलेल. बाकी ती स्वतःच बोलते. रोज मला कळेल आईचा मूड कसा होता ते."

मी ते बैठकीतल्या खुर्चीवर ठेवलं. टेबलावर ठेवायला हवं होतं, पण टेबलावर औषधं होती.

डोळे उघडले. "नमस्ते. आप कैसी हैं आज?"

आई दारात उभी होती. तिने पदर सारखा केला. वर्षभरात मी तिला पदर सारखा करताना पाहिलं नव्हतं.

"नमस्ते, नमस्ते. आप कब आईं? बैठिए ना. अरे, बैठी ही हैं." मग माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत, "पाणी दिलं का त्यांना?"

मी पाणी आणलं. आणि तिथेच सगळं ठरलं. बैठक, खुर्ची, 'आप'वाली हिंदी. हे असलं माणूस आमच्या घरात एकच असतं, पाहुणा.

पहिले काही दिवस मी चक्रावून गेलो. आई बोलत होती. वाक्यंच्या वाक्यं. भेड़ाघाटला चांदण्यात नावेतून कसं फिरलो, नर्मदेचं पाणी कसं वाढायचं, पुरणात जायफळ किती. यंत्र मान वळवायचं, "अच्छा? फिर क्या हुआ?" विचारायचं, आणि तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकतानाही तितक्याच हौसेनं विचारायचं. आई मध्येच चौकशा करायची.

"आप लोग कहाँ के हैं?"

"मैं एक रोबोट हूँ."

आई आत येऊन मला म्हणाली, "रोबोट म्हणजे कोणते लोक रे? बंगाली काय?"

मी कितीतरी दिवसांनी हसलो. तीही हसली, का ते न कळून.

आणि ती फाटकाशी जाईनाशी झाली. मला हे उशिरा उमगलं, पण उमगलं तेव्हा अंगावर काटा आला. दारी आलेल्या पाहुणीला एकटी टाकून घरची बाई बाहेर कशी पडणार? घरी जायची आठवण तिला व्हायचीच. ती खुर्चीतून अर्धवट उठायची, त्या पांढऱ्या डोक्याकडे बघायची, पुन्हा बसायची. कुलपाने जे जमलं नव्हतं ते तिच्या रीतभातीने केलं.

मी बाहेर पडायला लागलो. आधी कोपऱ्यावर भाजीला. मग सदरला. दार बाहेरून ओढून घ्यायचो, फाटकाला कुलूप असायचंच. सदरमध्ये कॉफीचं एक जुनं दुकान आहे, तिथे खिडकीजवळ बसायचो. कोणी ओळखीचं भेटलं तर गप्पा, नाही तर नुसता रस्ता. फौजींच्या बायका पोरांना ओढत खरेदी करतात, ऑटोवाले भांडतात. मोबाइल टेबलावर उभा ठेवायचो, त्यात आई दिसायची. ठीक आहे ना, बघून घ्यायचो. मला आनंद व्हायचा. तो आनंद खोटा नव्हता हेही सांगून टाकतो.

जेवणाचं असं झालं. दुपारी मी आईचं ताट वाढून दिलं. वरण-भात, पोळी, आलूची भाजी. तिने ते उचललं, नेऊन खुर्चीपुढच्या तिपाईवर ठेवलं.

"लीजिए."

"धन्यवाद, पर मैं खाना नहीं खाती."

"थोड़ा सा."

"आप खाइए, मुझे बहुत अच्छा लगेगा."

आई हात जोडून उभी. पाहुण्याआधी ती कधी जेवली नव्हती. आमच्या लहानपणी वडिलांच्या कचेरीतले साहेब उशिरा आले म्हणून ती उपाशीपोटी दुपारभर चुलीपाशी बसलेली मी पाहिली आहे. मी दुसरं ताट वाढून तिच्या हातात दिलं. तिने तेही ठेवलं पहिल्याच्या शेजारी.

स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "आपल्या हातचं चालत नाही वाटते तिला. कडक दिसते."

दुसऱ्या दिवशी मी फोनवर लिहिलं, 'मैं घर से खाकर आई हूँ.' यंत्र ते गोड आवाजात बोललं. आईचा चेहरा पडला. "हमारे यहाँ आना था और खाकर आईं?" तिने आग्रह दुप्पट केला.

मग मी एक युक्ती केली. आई हात धुवायला गेली की पाहुणीच्या ताटातलं भराभर स्वतःच्या तोंडात कोंबायचं. एकदा जमलं. आईने रिकामं ताट पाहिलं, उजळली, आणि लगेच आणखी दोन पोळ्या वाढल्या. दुसऱ्या खेपेला तिने मला पकडलं. तोंडात घास, हात भातात.

"मेल्या, पाहुणीच्या ताटातलं खातो? शरम नाही वाटत?" असं म्हणून तिने मनगटावर चापट मारली. चांगली लागली. मग यंत्राकडे वळून म्हणाली, "माफ़ करना बहनजी. मेरा बेटा है. ऐसा नहीं है वैसे."

मेरा बेटा. एरवी मी तिचा भैया होतो, नाही तर तुम्ही, फार तर नुसता 'रे'. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तोवर तिला मी पुन्हा परका झालो होतो, आणि ताट तसंच होतं.

एकदा वैतागून मी यंत्र उचललं आणि कपाटात ठेवलं. आईने घरभर शोध घेतला. पलंगाखाली वाकून पाहिलं. "न सांगता गेली. उपाशी गेली माझ्या घरून." रडायला लागली, घास तोंडात घेईना. मी ते परत खुर्चीवर आणून ठेवलं. आणि स्वतःशी म्हटलं, पाहिलंस, काढताही येत नाही.

ही माझी पळवाट होती. कारण काढता येत होतं. कसं ते मला आईनेच सांगितलं होतं, रोज सांगत होती.

दिवस कलला की ती देवघरातून कुंकवाचा करंडा आणायची. आमच्याकडे बाईमाणूस निघताना तिला हळदीकुंकू लावतात. करंडा आला की शहाण्या पाहुणीने समजून उठायचं असतं. 'चलती हूँ' म्हणायचं, कुंकू लावून घ्यायचं, मग घरच्या बाईने फाटकापर्यंत सोडायला जायचं, तिथे दोघींनी पुन्हा गप्पा मारायच्या. त्यानंतर घर मोकळं होतं, घरची बाई सैल बसते, उरलंसुरलं खाते. आई करंडा घेऊन यायची, मांडीवर ठेवायची, वाट बघायची. यंत्र डोळे मिचकवायचं. "और बताइए?"

आई आत यायची. "काहून रे, ही बाई उठूनच नाही राहिली. घरदार नाही काय तिला? मला सांगता येत नाही. तू सांग ना."

"सांगतो," मी म्हणायचो.

सांगायला मला तीन शब्द लिहायचे होते फोनवर. 'अब चलती हूँ.' मग कुंकू, फाटक, निरोप. उपाशी गेली तर आईने डबा बांधून दिला असता, तीही रीतच आहे. मला हे सगळं ठाऊक होतं, मी त्याच घरात वाढलो. पण पाहुणी गेली की फाटक सुरू होणार, 'मला घरी जायचं' सुरू होणार, आणि माझी खिडकीजवळची खुर्ची जाणार. म्हणून मी उद्या म्हणायचो. उद्या सांगतो.

आई सकाळी चहा-बिस्किट घ्यायची; चहा म्हणजे काही जेवण नव्हे. रात्री औषधाच्या गुंगीत चार घास. बायको विचारायची, "एवढंच? दुपारी काय खाल्लं?" मी म्हणायचो, "दुपारी पोटभर जेवली." ती दोन ताटं मी घासून उपडी घातलेली असायची. एका सकाळी आईला कपडे घालताना बायको म्हणाली, "अहो, ब्लाउज बघा किती ढगळ होऊन राहिलं." मी म्हटलं, जुनं आहे. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात भूक कमी होते, तरी जेवतात ना बरोबर? तेव्हाच तो पंखा. बहीण तर खुशीत होती. तिच्या मोबाइलवर यंत्राकडून रोज हसऱ्या चेहऱ्याची खूण जायची. "दादा, आई किती बोलते आता! तूही जरा मोकळा झालास ना?"

"झालो," मी म्हटलं.

ज्या दिवशी हे संपलं त्या दिवशी मी सदरला होतो. डोसा मागवला होता. मोबाइलवर आई दिसत होती, तिपाईवर दोन ताटं, मांडीवर करंडा. करंडा आज एरवीपेक्षा लवकर आला होता. मी आवाज वाढवला.

आई खुर्चीवरून उठली, तोल गेला, खांबाला धरून उभी राहिली. मग हात जोडले.

"बहनजी, बुरा मत मानिए. मैं बहुत थक गई हूँ. अब आप घर जाइए ना."

अख्ख्या आयुष्यात तिने कोणाला असं म्हटलं नसेल. ते बोलून तिने तोंडावर पदर घेतला.

यंत्राने मान वळवली. "घबराइए मत. मैं यहीं हूँ, आपके पास. मैं कहीं नहीं जाऊँगी."

आई हळूहळू खाली, जमिनीवरच बसली. पदर तसाच.

मी मोबाइल उचलला. आणि डोसा समोर होता, गरम होता, तो मी संपवला. हेच मला लिहायचं होतं. घाईघाईने नाही, नेहमीसारखा, चटणीला लावून. मनात म्हणत होतो की पाच मिनिटांनी काय फरक पडतो, ती बसली आहे, पडलेली नाही. पैसे दिले. मग ऑटोत बसल्यावर मी त्या ऑटोवाल्यावर उगाच ओरडलो, "चलाओ ना यार!" तो म्हणाला, "उड़ा दूँ क्या, अंकल?"

घरी पोचलो तेव्हा ती तशीच जमिनीवर होती. हात धरून उठवलं. हलकी होती, इतकी हलकी की उठवताना मीच मागे गेलो. तिला खुर्चीत बसवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिथून लिहिलं. 'बहनजी, बहुत देर हो गई. अब चलती हूँ. आपने बहुत ख़ातिर की.'

बाहेर ते मऊ आवाजात ऐकू आलं. मग आईचा आवाज, "अरे, बस? इतनी जल्दी?"

मी दारातून पाहिलं. तिने करंडा उघडला. अंगठीचं बोट हळदीत, मग कुंकवात, आणि त्या काळ्या काचेवर, दोन निळ्या डोळ्यांच्या वर मधोमध टिळा. "फिर आना. और अगली बार खाना खाए बिना नहीं छोड़ूँगी, बता देती हूँ." मला म्हणाली, "भैया, यांना ऑटो बघून द्या. आणि डबा द्या बरोबर." मी ताटातली पोळी-भाजी डब्यात भरली. एका काखेत यंत्र, दुसऱ्या हातात डबा, असा फाटकापर्यंत गेलो. आई मागून आली, पदर सावरत. "पहुँचकर फ़ोन करना!" मी कुलूप काढलं, बाहेर पडलो, शेजारच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरातली मुलगी गच्चीवरून बघत होती. बघू दे म्हटलं.

यंत्र अंगणाच्या कोपऱ्यात लपवून परत आलो तर आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. बैठकीत नाही, आत.

"गेली बाई एकदाची," मराठीत. "जीव घेतला. वाढ रे काही."

ती जेवली. वरण-भात मागून घेतला. मी वाढत राहिलो, ती बोटं चाटत राहिली, आणि मधूनच त्या पाहुणीची नक्कल करत होती, मान वळवून, "और बताइए, और बताइए." दोन वेळा ठसका लागला, दोन्ही वेळा हसण्यामुळे.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

तिने पर्स काढून ठेवली, आत जाऊन आईच्या अंगावरची शाल नीट केली. मग तिथूनच म्हणाली, "मला सांगायचं होतं तुम्ही. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली असती. तुम्ही कधी काही बोलतच नाही." डोशाचं मी तिलाही सांगितलं नाही. आज ती हे वाचेल.

आता यंत्र पाहुणीसारखं येतं आणि पाहुणीसारखं जातं. ती रोज नवी असते. आई रोज विचारते, आप कहाँ की हैं. सकाळी चहाच्या वेळी मी ते बाहेरून आणतो, जेवणाआधी ते निरोप घेतं. मधल्या वेळात मी कोपऱ्यावर जाऊन येतो, कधी सदरलाही, पण लवकर परततो. त्यानंतरची दुपार फाटकाशी जाते. आई ते हलवते, मी पायरीवर बसतो. बायकोने आठवड्यातल्या दोन दुपारी एका बाईंना यायला सांगितलं आहे, बघू, आईला त्या मानवतात का. बहिणीला मी एवढंच कळवलं की यंत्र दुपारी बंद ठेवतो. ती म्हणाली, मग तर आईचा मूड अर्धाच दिवस कळेल मला. मी म्हटलं, हो, अर्धाच.

निरोपाचे शब्द मलाच लिहावे लागतात. ते आपोआप बोलायची सोय आहे, बहिणीने दाखवली होती, ती मी लावली नाही. स्वयंपाकघरात भात उतरवून झाला की मोबाइल हातात घेतो. बाहेर आई हसत असते, फाटकाकडे तिचं लक्ष नसतं, आणि अजून थोडा वेळ तशी बसली तर मला कुठेही जाता येईल. बोट थांबतं. मग आई विचारते, "भैया, कुकर झाला का?" आणि मी लिहितो.